बेंचकाका

बास्केटबॉलचा सामना रंगात आला की सगळ्यांच्या माना चेंडूबरोबर डावीउजवीकडे हलतात. बेंचकाकांची मान मात्र हलत नाही. त्यांची नजर मैदानाबाहेर, गळ्यात टॉवेल टाकून ओळीनं बसलेल्या मंडळींवर खिळलेली असते. कोण पाय हलवतोय, कोण जांभई देतोय, कोण उगाच बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधतोय, हे सगळं ते टिपून ठेवतात. "खेळणारे पाच काय, कुणालाही दिसतात," ते म्हणतात, "मालिका जिंकून देतो तो आठवा. देवकीचंच बघ ना. कामाला आला तो आठवाच!"

त्यांचं खरं नाव आता फक्त पेन्शनच्या कागदांवर उरलं आहे. धार जिल्ह्यातल्या गंधवानीत पोरं त्यांना 'सर' म्हणतात आणि आम्ही मराठी बोलणारी चार टाळकी 'बेंचकाका'. मूळचे धारचे. धारच्या कुठल्याही मराठी घरात विचारा, "आमचे पूर्वज पवारांबरोबर आले" असं सांगतात. बरोबर म्हणजे नेमके कुठे, घोड्यावर की मुदपाकखान्याच्या गाड्यावर, हे विचारायचं नसतं. बेंचकाका मात्र न विचारताच सांगतात, "राखीव दलात." तेही छाती पुढे काढून. व्यायामशिक्षक म्हणून गंधवानीला बदली झाली, तेव्हा धारच्या नातेवाइकांनी हळहळ व्यक्त केली. काका रुजू झाले, निवृत्त झाले आणि इथेच राहिले. "धारच्या संघात माणसं भरपूर आहेत," म्हणाले, "इथं बेंच रिकामी होती."

त्यांचं तत्त्वज्ञान एका श्वासात सांगता येतं, पण ते स्वतः कधी एका श्वासात सांगत नाहीत. मैदानात पाच, संघात बारा. एक सामना नशिबावर निघून जातो. पण एनबीएची अंतिम फेरी सात सामन्यांची, चार जिंकेल तो विजेता. तिथं नशीब दोन दिवस पुरतं. तिसऱ्या दिवसापासून घोटे, गुडघे आणि पोटऱ्या बोलू लागतात. "एक सामना हाताचा असतो, सात सामने हाडांचे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते म्हणताना ते स्वतःच्या गुडघ्यावर थाप मारतात आणि मग थोडा वेळ काहीच बोलत नाहीत, कारण गुडघा खरंच दुखतो.

जूनमध्ये तिकडे अंतिम फेरी सुरू झाली की इकडे काकांचा चातुर्मास आधीच लागतो. तिकडची रात्र म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच-सहा. वीज असली तर पंखा, नसली तर अंगणात खाट. मोबाइल पितळेच्या तांब्याला टेकवलेला. शेजारी पोह्यांची बशी, वर रतलामी शेव. सामना सुरू होण्याआधी तिकडे जखमींची अधिकृत यादी निघते. अमुक 'आऊट', तमुक 'डाउटफुल', तिसरा 'क्वेश्चनेबल'. लोक सकाळी राशिभविष्य वाचतात तशी काका ही यादी वाचतात. कुणी लंगडला की आधी मनापासून हळहळतात, "अरेरे, पोराची पोटरी गेली." आणि पुढच्याच क्षणी सावरून बसतात. चष्मा पुसतात. आता खरा सामना सुरू होणार असतो.

इतिहासही ते बेंचकडूनच वाचतात. १९७०ची अंतिम फेरी, न्यूयॉर्क निक्स विरुद्ध लॉस एंजेलिस लेकर्स. मांडीचा स्नायू फाटलेला विलिस रीड सातव्या सामन्याला लंगडत मैदानात आला, पहिल्या दोन बास्केट टाकल्या, सगळं सभागृह वेडं झालं आणि निक्स जिंकले. ही गोष्ट जगभर डोळ्यांत पाणी आणून सांगितली जाते. काकांच्या डोळ्यांत पाणी येत नाही. "रीडचे गुण किती? ४. त्या दिवशी वॉल्ट फ्रेझरनं ३६ टाकले आणि १९ पास दिले, त्याचं काय? आणि मुळात रीड पडला पाचव्या सामन्यात. तो सामना जिंकला कुणी? समोर चेंबरलेन. हा सात फुटांहून उंच डोंगर! त्याला अडवायला उतरलेल्यांत डेव्ह स्टॉलवर्थ होता. राखीव! त्याला आधी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला. म्हणजे बघ, मांडीवाल्याच्या जागी काळीजवाला आला." पाचवा सामना हातातून गेला असता तर सातव्यात रीडनं लंगडायचं कुठे, असा त्यांचा बिनतोड सवाल असतो.

१९८०चा किस्सा सांगताना मी त्यांना एकदा अडवून पाहिलं. लेकर्सचा करीम अब्दुल-जब्बार घोटा मुरगळून घरी राहिला, आणि सहाव्या सामन्यात वीस वर्षांचा मॅजिक जॉन्सन, एरवी चेंडू खेळवणारा पोरगा, त्याच्या जागी सेंटर म्हणून उभा राहिला. ४२ गुण, १५ रिबाउंड, ७ पास, लेकर्स विजेते. मी म्हटलं, "काका, पण मॅजिक काही राखीव नव्हता." काकांनी माझ्याकडे नापास विद्यार्थ्याकडे बघावं तसं बघितलं. "माणूस राखीव नसतो रे. जागा राखीव असते."

या वाक्याचा अर्थ लावत मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

१९९२चा सहावा सामना त्यांना पाठ आहे. शिकागो तीन सत्रांनंतर १५ गुणांनी मागे. प्रशिक्षक फिल जॅक्सननं चौथ्या सत्राला मायकेल जॉर्डनला बाकावर बसवून पिपेनबरोबर चार राखीव उतरवले. बॉबी हॅन्सन नावाच्या माणसानं आल्याआल्या तीन गुणांची बास्केट टाकली, पिछाडी वितळली, मग जॉर्डन परत आला आणि ९७-९३ असा सामना व मालिका संपली. काकांच्या देवघरातल्या भिंतीवर जॉर्डनचं चित्र नाही. हॅन्सनचं मिळालं असतं तर लावलं असतं. २०१५ची मालिका सांगताना त्यांचा आवाज हरिकथेच्या उत्तररंगाला लागतो. क्लीव्हलंडचा केविन लव्ह खांद्यामुळे आधीच बाहेर, कायरी अर्व्हिंगची गुडघ्याची वाटी पहिल्याच सामन्यात फुटली. लेब्रॉन जेम्स एकटा ओढत राहिला. समोर वॉरियर्स मालिकेत १-२ असे मागे. चौथ्या सामन्याला त्यांनी उंच बोगटला बसवलं आणि हंगामभर एकाही सामन्याला सुरुवातीपासून न खेळलेल्या आंद्रे इग्वाडालाला पहिल्या पाचांत घेतलं. बुटका, चपळ संघ झाला. पुढचे तिन्ही सामने जिंकले आणि मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला इग्वाडालाच. "पर्याय आला की नुसती माणसं बदलत नाहीत," काका बोट वर करतात, "खेळ बदलावा लागतो. ज्यांना ते कळलं ते जिंकले."

हे म्हणून झालं की गाडी हमखास देवासला जाते. कुमार गंधर्व १९४८मध्ये क्षयानं आजारी होऊन देवासला आले, काही वर्षं गाणं बंद, एक फुप्फुस निकामी. मग ते पुन्हा गायला लागले आणि असे गायले की ऐकणाऱ्यांत दोन तट पडले. "एक जायबंदी झालं, राखीव फुप्फुसानं मैफल काढली," असा काकांचा सारांश. ऐकताना अंगावर काटा येतो. कुमारांच्या गाण्यामुळे नव्हे, काका पुढे कुणाच्या कुठल्या अवयवाकडे वळतील या धास्तीनं.

पण त्यांची खरी जखम पानिपत आहे. २०१९मध्ये टोरांटोकडून वॉरियर्स हरले तेव्हा ते चहा न पिताच बोलू लागले. पोटरीच्या दुखण्यातून घाईनं परतलेला केविन ड्युरँट पाचव्या सामन्यात टाचेवरची शीर तुटून पडला, सहाव्यात क्ले थॉम्पसनचा गुडघा गेला. गुडघा गेलेला असताना तो परत आला, दोन फ्री थ्रो टाकून मगच आत गेला. दुसरीकडे टोरांटोचा फ्रेड व्हॅनव्हलीट, ज्याला निवड फेरीत कुणी घेतलं नव्हतं, त्यानं बाकावरून येऊन २२ गुण टाकले. एवढं सांगून काका थांबले आणि म्हणाले, "१७६१."

मी म्हटलं, "काय?"

"अब्दालीनं ताज्या दमाचं सैन्य मागं राखून ठेवलं होतं की नाही? दुपारी काढलं. आपल्याकडे विश्वासराव पडले, भाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले. अंबारी रिकामी! त्या अंबारीत बसवायला माणूस होता का कुणी? आमचे धारचे यशवंतराव पवारसुद्धा तिथंच पडले. शौर्यात कुठं कमी होतो आपण? पहिले पाच आपलेच भारी होते. बेंच नव्हती, बेंच!" मग आवाज खाली आणून, जणू भिंतीपलीकडे इंग्रज बसले आहेत, म्हणाले, "आणि पुढं बेंच इतकी आटली की शेवटी दुसऱ्या बाजीरावांना उतरवावं लागलं. जन्म १७७५, आमच्याच धारच्या किल्ल्यात." या माहितीचा अभिमान बाळगायचा की ती लपवायची, हे धारकरांचं अजून ठरलेलं नाही. काकांनी मधला मार्ग काढला आहे. ते ती सांगतात, पण कुजबुजत.

घरातही हाच कारभार. पाण्याच्या मोटारीला दुसरी मोटार, मिक्सरला पाटा-वरवंटा, गॅसला चूल, चुलीला पुन्हा स्टोव्ह. पुतणीच्या लग्नात त्यांनी भटजींना समोरासमोर विचारलं होतं, "आपला घसा कसा आहे? मंगलाष्टकांत बसला तर कोण?" आचारी दोन सांगितले. दोघंही आले, दोघांनीही बाफले वळायला घेतले आणि दोघांनीही डाळीला फोडणी घातली. त्या डाळीची आठवण त्या मांडवातले लोक अजून काढतात. काकूंनी हे सगळं आयुष्यभर पाहिलं. एका संध्याकाळी काका वही घेऊन बसले आणि सहज विचारल्यासारखं म्हणाले, "अगं, तुझं ते मनगट कसं आहे?" काकूंनी हातातलं पातेलं खाली ठेवलं. "माझ्या जागी कोण आहे त्या वहीत, ते वाचा बघू मोठ्यानं." काकांनी वही मिटली. त्या रात्री पोह्यांवर शेव नव्हती.

ती वही मी पाहिली आहे. पुठ्ठ्याची, लाल कापडी पाठीची, किराणा दुकानात उधारीसाठी मिळते तशी. प्रत्येक पानावर तीन रकाने: नाव, दुखापत, बदली. गंधवानीच्या पोरांचा संघ काकांनी निवृत्तीनंतर उभा केला. मुरमाचं मैदान, वेल्डरकडून करून घेतलेल्या रिंगा. वेल्डरला त्यांनी 'आतून ४५ सेंटिमीटर' असं तीनदा बजावलं, जमिनीपासून उंची ३.०५ मीटर आहे का ते स्वतः शिडीवर चढून मोजलं. बोर्ड प्लायवूडचे; पावसाळ्यात फुगतात आणि दिवाळीपर्यंत चेंडू त्यांवर आपटला की ढप्प असा आवाज येतो. पोरं आसपासच्या फळियांतली, म्हणजे वस्त्यांतली, भिलाल्यांची नि भिलांची. उतारावर शेतं असल्यानं पोटऱ्या अशा की एनबीएच्या डॉक्टरांनी हेवा करावा. घोटा मुरगळणं वगैरे त्यांना माहीत नाही.

त्यामुळे वहीतला 'दुखापत' हा रकाना वाचण्यासारखा झाला आहे. एका नावापुढे 'गुजरात' लिहिलेलं. दुसऱ्यापुढेही 'गुजरात'. तिसऱ्यापुढे 'कापूस वेचणी'. चौथ्यापुढे 'मामाचं लग्न', पुढे कंसात 'क्वेश्चनेबल'. होळीच्या आठवड्याच्या पानावर तर सगळ्या बारा नावांना मिळून एकच महिरप काढली होती आणि तिच्यापुढे जत्रेचा एकच शब्द होता, 'भगोरिया'. घरातले मोठे मजुरीला गुजरातेत निघाले की धाकटी भावंडं सांभाळायला किंवा सरळ कामालाच पोरगाही जातो. त्यावर बर्फ लावता येत नाही, पट्टी बांधता येत नाही. तो कधी परतणार हे कुठली यादी सांगत नाही. एनबीएच्या संघांना काही खेळाडूंची वाट बघावी लागते. काकांना दिवाळीनंतर एसटीडी बूथच्या काळापासून, आणि आता मोबाइलवरून, आख्ख्या संघाची वाट बघावी लागते. "म्हणून सांगतो," ते म्हणतात, "ज्याला बेंच कळली त्याला आपला मुलूख कळला."

हे मात्र खरं आहे. आणि म्हणूनच त्या दिवशी धारला जे झालं त्याचा उलगडा मला अजून होत नाही.

जिल्ह्यातल्या संघांची स्पर्धा. गंधवानी अंतिम सामन्यात पोचली होती. बारातले चार जण गुजरातेत, एकजण मामाच्या लग्नात ('क्वेश्चनेबल'चं 'आऊट' झालं होतं). उरले सात. पाच मैदानात, दोन बाकावर. त्यातला एक हंगामभर तापानं आजारी, आणि दुसरा एक काटकुळा पोरगा. फळियातून सराव करायला रोज चालत यायचा, सगळ्यांच्या आधी पोचायचा, आणि बाकाच्या अगदी टोकाला बसायचा. बाकावर बसतानाही गुडघे वाकवून, टाचा उचलून बसायचा. शिट्टी झाली की तिथूनच धावेल असा. वर्षभर काका त्याच्याकडे बोट दाखवून आम्हाला सांगत, "हा माझा इग्वाडाला."

पहिलं सत्र झालं. तेच पाच. दुसरं सत्र, तेच पाच. मध्यंतरात काकांनी पोरांना खोलीची महती सांगितली, म्हणजे बेंचच्या खोलीची. तिसऱ्या सत्राला तेच पाच परत गेले. मी काकांच्या मागेच बसलो होतो. "काका, पोरं दमलीत." काका म्हणाले, "अंतिम सामन्यात फिरवाफिरव नको. मोठमोठे प्रशिक्षक अंतिम फेरीत सात-आठांवर येतात." मी म्हटलं, "तुम्ही पाचांवर आलात." काकांनी ऐकलं नाही. समोरच्या संघानं बाराच्या बारा फिरवले होते. त्यांची पोरं घामानं भिजलेली नव्हती, हे काकांना एरवी सर्वांत आधी दिसलं असतं.

चौथ्या सत्रात आपल्या उंच पोराचे पाच फाउल झाले. आता बदली करावीच लागणार. "सर, मैं?" काटकुळा उठून उभा राहिला. इथं एक व्यावहारिक अडचण निघाली. बूट सहा जोडच होते. सातव्यानं बाहेर येणाऱ्याचे बूट घालून आत जायचं, असा संघाचा नियम होता आणि बाहेर येणारा होता संघातला सर्वांत मोठ्या पायाचा. काकांनी टाइमआउट मागितला. डावपेचांना एक मिनिट मिळतं. ते सगळं मिनिट बुटांत गेलं. एकानं नाड्या सोडल्या, एकानं ओढले, काकांनी प्रथमोपचाराच्या पेटीतला कापूस काढला आणि पुढच्या बाजूला ठासून भरला. वर्षभर ज्या पेटीनं दुखापतींची वाट बघितली तिचा पहिला उपयोग हा झाला.

पोरगा आत गेला. पहिल्याच चेंडूला ट्रॅव्हलिंग. काकांनी डोक्याला हात लावला. मग तो समोरच्या सर्वांत भारी खेळाडूच्या मागे लागला आणि त्याला सोडेचना. तो डावीकडे, हा डावीकडे. तो पाणी प्यायला बाजूला झाला, तर हा दोन हात पसरून तिथंही उभा. त्या खेळाडूनं उरलेल्या वेळात एकही बास्केट टाकली नाही. आमच्या पोरानंही टाकली नाही, पण समोरची आघाडी उतरत गेली, उतरत गेली, आणि तीन गुणांवर येऊन थांबली. शिट्टी झाली. हरलो.

मला वाटलं काका खचतील. परतीच्या जीपमध्ये ते उत्साहानं फुलले होते. "बघितलंस? माझा सिद्धांत! हा पोरगा आधी उतरला असता तर सामना आपला होता."

"मग आधी का नाही उतरवलात?"

"अरे, महत्त्वाच्या सामन्यासाठी ताजा ठेवला होता त्याला."

"काका, हाच अंतिम सामना होता."

मागच्या सीटवर पोरं झोपली होती. काका मांडीवर वही उघडून बसले. २०२५च्या सातव्या सामन्याचं त्यांनी मला पुन्हा सांगितलं: इंडियानाच्या हॅलिबर्टनची टाचेवरची शीर पहिल्याच सत्रात तुटली, तरी राखीव माणसांच्या जोरावर तो संघ मध्यंतराला ४८-४७ असा पुढे होता. मग ओक्लाहोमानं १०३-९१ असं हरवलं. "दहा माणसं फिरवणारा संघ, तोसुद्धा हरला," मी म्हटलं. "हो, पण हरला कसा?" काका म्हणाले. हरण्यातही प्रकार असतात, हे त्यांचं म्हणणं मला अर्धं पटलं.

"पुढच्या वर्षी," ते म्हणाले, "या पोराला पहिल्या पाचांत घेतो." पेन्सिलीनं त्यांनी त्याचं नाव पानाच्या वरच्या अंगाला लिहिलं. 'बदली'च्या रकान्याशी येऊन पेन्सिल थांबली. घाट आला, घाट संपला. काका रिकाम्या रकान्याकडे बघत होते. मग त्यांनी खोडरबर काढलं, नाव वरून पुसलं आणि पुन्हा खाली, अगदी शेवटच्या ओळीत लिहिलं.

"हे काय केलंत?"

"अरे, याला वर घेतलं," बेंचकाका कळवळून म्हणाले, "तर आपली बेंच किती कमकुवत होईल!"